नवीन 114/900 रिफ्लेक्टर: चंद्र भन्नाट, बाकी सगळे ठिपके. आरशात गडबड आहे का?

अवकाशवेडा:
नमस्कार मंडळी. 114/900 चा रिफ्लेक्टर घेतलाय, म्हणजे आरशाची दुर्बीण (आरसा 114 मिमीचा, फोकल लेंग्थ 900 मिमी), ईक्यू माउंटवाला (तिरक्या अक्षावर फिरणारा स्टँड), सोबत 25, 10 आणि 4 मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं) आणि एक 3एक्स बार्लो (पॉवर तिप्पट करणारं जोडभिंग) आलाय. चंद्र लावला आणि घरातले सगळे रांगेत उभे, उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या इतक्या धारदार दिसतात की फोटोत ते कधी जाणवलंच नव्हतं. गुरूही सापडला, छोटी पांढरट गोळी आणि बाजूला एका ओळीत चार ठिपके, गोळीवर दोन पुसट पट्टे दिसतात असं मला वाटतंय, बायको म्हणते तुला नुसतं वाटतंय. पण बाकीचं काय? तारे कितीही पॉवर वाढवली तरी ठिपकेच. फोकस हलवला की ठिपक्याची मोठी चकती होते आणि तिच्या मधोमध काळा गोल. मृगातला तेजोमेघ राखाडी, रंगाचा पत्ता नाही. 4 मिमी लावला की सगळं अंधारं आणि थरथरतं, आणि वर बार्लो लावला तर काही सापडतच नाही. डब्यावर 675 पट लिहिलंय राव! आरसा खराब आलाय का, की भारीतला आयपीस घ्यायला हवा?

निशाचर:
आरसा बहुतेक ठणठणीत आहे. तो काळा गोल म्हणजे नळीच्या तोंडाशी जो छोटा तिरका आरसा असतो ना, त्याची सावली. फोकसबाहेर अशा दोन आरशांच्या प्रत्येक दुर्बिणीत (न्यूटोनियनमध्ये) दिसते, फोकस झाला की गायब. उलट ती चकती कामाची आहे, एखादा ठळक तारा मधोमध आणून फोकस किंचित हलवायचा, काळा गोल बरोबर मध्यात असेल तर आरसे जुळलेले आहेत, एका बाजूला सरकला असेल तर कोलिमेशन करायचं, म्हणजे मागचे स्क्रू अगदी थोडे थोडे फिरवून आरसे जुळवायचे. आणि तारे ठिपके दिसणं हे चांगलंच लक्षण आहे, ते इतके लांब आहेत की आपल्यासारख्यांच्या दुर्बिणीत त्यांचा आकार कधीच दिसणार नाही.

पॉवरचं म्हणाल तर 900 ला आयपीसच्या आकड्याने भागा. 25 ने 36 पट, 10 ने 90, 4 ने 225. आरसा जितक्या मिमीचा त्याच्या दुप्पट पट ही साधारण मर्यादा धरतात, म्हणजे तुमची 228, आणि तीसुद्धा हवा अगदी स्थिर असलेल्या रात्री. 675 हा आकडा 4 मिमीवर बार्लो चढवून काढलाय. भागाकार बरोबर आहे हो, पण आरसा उजेड जमवतो तेवढाच, तोच पसरवत नेला की चित्र मोठं होतं आणि अंधुक होतं. गॅलिलिओने 1610 मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते 20 पटीच्या आसपासच्या दुर्बिणीतून, हे डबे छापणाऱ्यांना कोणीतरी कळवा. नवीन आयपीस आत्ता अजिबात घेऊ नका.

रातकिडा:
वहिनींना सांगा पट्टे खरे आहेत :) 10 मिमी लावून पाच-दहा मिनिटं न हलता बघत बसायला लावा, हवा क्षणभर शांत झाली की पट्टे एकदम स्पष्ट होतात.

रंगाचं काय आहे, अंधारात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, कॅमेरा बराच वेळ उजेड साठवतो म्हणून फोटो रंगीत येतात. अर्धा तास मोबाईल लांब ठेवा आणि तेजोमेघाकडे थेट न बघता नजर थोडी बाजूला ठेवा, पसारा वाढलेला दिसेल. मग 90 पट लावा, आत चार ताऱ्यांचा चिमुकला चौकोन आहे. रंगच बघायचे तर जोडतारे धरा. हंसातला अल्बिरिओ, एक सोनेरी, एक निळसर. आणि सप्तर्षीतला वसिष्ठ तर सोडूच नका, अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसते पण दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच दोन निघतो, मला तर ते तेजोमेघापेक्षा आवडतं.

ध्रुवबाळ:
नवशिक्याच्या हातात ईक्यू माउंट देणं हा शुद्ध अन्याय आहे. साधी डॉब्सोनियन (पेटीसारख्या स्टँडवर हाताने फिरवायची दुर्बीण) घ्यायची, ढकलायची आणि बघायचं.

निशाचर:
@ध्रुवबाळ मान्य, पण आता घेतलाय ना त्यांनी. एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे करायचा, त्याचा कोन आपल्या अक्षांशाइतका ठेवायचा, मग ग्रह पळायला लागला की एकच नॉब फिरवत राहायचं. 90 पटीत गुरू दोन-अडीच मिनिटांत बाहेर जातो, त्या नॉबचं महत्त्व तेव्हा कळतं.

अवकाशवेडा:
सगळ्यांना धन्यवाद, आयपीसचा विचार कॅन्सल. अजून दोन शंका, फाइंडरमध्ये (नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) तारा बरोबर मध्ये दिसतो आणि आयपीसमध्ये काहीच नसतं, हे कसं जुळवायचं? आणि थंडीत बाहेर जायचा कंटाळा येतो, खिडकीतून चालेल का?

रातकिडा:
फाइंडर दिवसा जुळवा. लांबचा टॉवर किंवा खांबाचं टोक 25 मिमीत मध्यभागी आणा, नळी न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्यातही मध्ये आणा. उलटं दिसेल, घाबरू नका, ही दुर्बीण उलटंच दाखवते. आणि दिवसा दुर्बीण सूर्याच्या आसपास चुकूनही फिरवायची नाही, फाइंडरसुद्धा नाही, क्षणभरात डोळा कायमचा जाऊ शकतो. लहान मुलं असतील तर झाकणं लावूनच ठेवा.

खिडकी नको. काच चित्र बिघडवते, उघडी ठेवली तरी आतली गरम हवा बाहेर जाताना सगळं थरथरवते. बघायच्या अर्धा तास आधी दुर्बीण बाहेर ठेवायची, आरसा बाहेरच्या हवेइतका गार व्हायला लागतो. तुमची थरथर निम्मी इथेच कमी होईल.

ध्रुवबाळ:
शनी राहिला की! 36 पटीतही कडं आहे हे कळतं, 90 ला मस्तच. फक्त 2025 मध्ये कडी आपल्याला जवळजवळ धारेवरून दिसत होती, त्यामुळे त्यानंतरची एक-दोन वर्षं ती जरा बारीकच दिसतील, नाहीतर परत इथे येऊन आरसा खराब आहे का विचाराल.