कवटीच्या तळाचे भगदाड: चेहऱ्याचा फ्लॅप की मांडीची फॅशिया?

धागाकर्ता (कान-नाक-घसा):
नाकातून दुर्बिणीने गाठ काढल्यावर कवटीच्या तळाशी राहिलेले भगदाड नीट बुजले नाही, तर मेंदूभोवतीचे पाणी नाकातून ठिबकत राहते आणि मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणांच्या जंतुसंसर्गाचा) धोका उभा राहतो. हदाद आणि बासागास्तेगी या शल्यचिकित्सकांचा नाकाच्या पडद्याचा फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिनीसकट उचलून वळवलेला जिवंत तुकडा, २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ही गळती पुष्कळ कमी झाली. मात्र कर्करोग पडद्यात शिरलेला असेल, किंवा पडद्याला रक्त पुरवणारी धमनी आधीच्या शस्त्रक्रियेतच कापली गेली असेल, तर काय करायचे? पुढे रेडिएशन द्यायचे असेल तर मी गालाच्या आतले अस्तर, गालातला थोडा बक्सिनेटर स्नायू आणि त्यांना पोसणारी चेहऱ्याची धमनी असा जिवंत तुकडाच आणीन.

शंकेखोर:
सुचवणे सोपे आहे. गालाच्या आत, वरच्या दुसऱ्या दाढेसमोर लाळनलिकेचे तोंड असते. छेद तिथे भरकटला तर लाळ तुंबून गाल सुजतो. जखम आकसली की तोंड पुरते उघडत नाही, आणि तंबाखूमुळे ज्याचे तोंड आधीच दोन बोटांइतकेच उघडते, अशा रुग्णाच्या बाबतीत हा विचारच सोडून द्यावा. लहान भगदाडाला मांडीची फॅशिया (स्नायूंवरचे चिवट आवरण) आणि चरबी यांचे थर पुरतात.

न्यूरोसर्जन:
दोघांनीही चेहरा म्हणजे फक्त गाल असे धरले आहे. भुवईवरून वर जाणाऱ्या धमन्यांवर पोसलेले पेरिक्रेनियम, म्हणजे कपाळाच्या हाडावरचे पातळ आवरण, नाकाच्या मुळाशी हाडात फट पाडून आत सोडता येते. पुण्याकडच्या कावसजी या नाक कापले गेलेल्या गाडीवानाचे नाक कपाळाच्या कातडीने घडवल्याची जी हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापली गेली, ती कातडीही याच भागातल्या रक्तावर जगली होती. इथे तर कातडी जागेवरच राहते. कपाळ बधिर होऊ शकते, हे खरे.

शंकेखोर:
भगदाड पुढच्या भागात असेल तर कपाळाचा पर्याय मान्य. पण खाली क्लायव्हसपर्यंत, म्हणजे कवटीच्या तळाच्या मागच्या हाडापर्यंत, ते आवरण पुरवताना ओढाताण होते.

धागाकर्ता:
तिथे कानशिलाची फॅशिया गालाच्या हाडामागून बोगदा करून आत नेता येते. भुवई उचलणारी मज्जातंतूची शाखा मात्र जपावी लागते. छोट्या भगदाडांबाबत तुमचे म्हणणे मला मान्य आहे. मोठे भगदाड, जोराने वाहणारे पाणी आणि समोर रेडिएशन, असे तिन्ही असताना रक्तपुरवठा नसलेल्या थरांवर रुग्णाला सोडायला मी तयार नाही.