मदत हवी आहे: फुटलेल्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीसाठी बंधित निधी वापरता येईल का?

नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातील एका लहान ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमच्या ओढ्यावरील कोल्हापुरी बंधाऱ्याची एक बाजू फुटली आणि पाण्याने खालच्या शेतांतली काळी माती सोयाबीनसकट खरडून नेली. पिकांचे पंचनामे झाले, काहींना मदतही मिळाली. बंधारा मात्र आजही तसाच पडून आहे. याच बंधाऱ्यात पाणी अडले तर गावाच्या पिण्याच्या विहिरीला उन्हाळ्यात आधार मिळतो. ज्या २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी आमचे गाव महिनोन्‌महिने टँकरवर होते, हे इथे कोणीही विसरलेले नाही.

अडचण पैशांच्या शिस्तीची आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के भाग बंधित ठेवला असून तो स्वच्छता, पिण्याचे पाणी आणि पर्जन्यजल संधारण यांवरच खर्च करायचा आहे. अबंधित भाग आमच्यासारख्या गावात दिवाबत्ती आणि रस्त्यांच्या किरकोळ कामांतच संपतो. त्याच आयोगाच्या शिफारशीनुसार आपत्तीच्या निधीतील २० टक्के वाटा सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी राखलेला आहे. पण त्याचे निर्णय राज्य आणि जिल्हा पातळीवर होतात आणि ग्रामसभेचा ठराव तिथवर कोणत्या वाटेने पोहोचतो, हे आम्हाला कोणीही सांगितलेले नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात निदान गावपातळीवर समिती आणि सूक्ष्म नियोजन आहे, परंतु आमचे गाव त्याच्या यादीत नाही.

संबंधित कार्यालयात दोनदा गेलो. पहिल्या वेळी ‘बंधारा ग्रामपंचायतीच्या मालकीचा नाही’ असे उत्तर मिळाले, दुसऱ्या वेळी ‘आराखड्यात काम नाही’ असे. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची अशी कामे जिल्हा परिषदेकडे असतात, हे मान्य आहे. तरीही लघु पाटबंधारे, मृदसंधारण आणि पाणलोट विकास हे विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी नमूद आहेत. मग आपल्याच शिवारातील बंधाऱ्याबद्दल ग्रामसभेला केवळ विनंती करण्याचाच अधिकार असावा, हे मला पटत नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. विहिरीचे पुनर्भरण हा उद्देश स्पष्ट लिहून अशी दुरुस्ती बंधित निधीतून कोणी केली आहे का, आणि तांत्रिक मान्यता व लेखापरीक्षणात ती टिकली का? जिल्हा परिषदेने ना हरकत दिल्यास अंदाजपत्रक कोणाच्या अभियंत्याने करायचे? मराठवाड्यातील एखाद्या ग्रामपंचायतीचा प्रस्ताव सौम्यीकरण निधीत मंजूर झाला असेल, तर त्यासोबत कोणती कागदपत्रे जोडली होती? विकास आराखड्यात हे काम घालण्यासाठी पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. त्याआधी कोणी मंजूर ठरावाचा नमुना, गावाचे नाव वगळून, इथे दिला तर फार उपकार होतील.