गेलेला हिरो परत आला की तुम्हाला काय होतं? अनुभव लिहा

उंटावरचा_शहाणा
परवा दूध केंद्राच्या रांगेत उभा असताना धाकट्या भावाने एक लिंक पाठवली. सोबत एक शब्द नाही. भाऊ अबुधाबीला असतो, आमचं बोलणं आता दसरा-दिवाळीपुरतंच उरलंय. काही बरंवाईट तर नाही ना, म्हणून आवाज कमी न करताच उघडली. तर ‘अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे’चं टीझर. डिसेंबरात आलेलं तेच, मी हट्टाने बघितलं नव्हतं.

मोटारसायकलवरून घरी येणारा माणूस, घडी घातलेला जुना सूट, आणि मग तान्हं बाळ घेतलेला क्रिस इव्हान्स, म्हणजे आपला कॅप्टन अमेरिका. मागे अ‍ॅव्हेंजर्सचीच धून, पण पियानोवर, अंगाईसारखी. पुढच्या आजोबांनी वळून विचारलं, "कुणाचं बारसं?"

आणि मला एकदम २६ एप्रिल २०१९ आठवला. शुक्रवार, ‘एंडगेम’, पहाटे सहाचा शो. तेव्हा थिएटरं रात्रंदिवस चालू ठेवली होती. मित्राने आयत्या वेळी टांग दिली म्हणून तिसऱ्या तिकिटावर बाबांना नेलं. बाबा एसटीत कंडक्टर, नुकतेच रिटायर झालेले, पहाटे चारला उठायची सवय सुटली नव्हती. सिनेमा तीन तासांचा. त्यातला बराचसा ते घोरले. मग कॅप्टन अमेरिकाने थॉरचा हातोडा उचलला आणि अख्खं थिएटर उभं राहिलं. मागचा एक मुलगा तर हुंदके देत होता. बाबा दचकून उठले. "काय झालं? हातोडा त्या दुसऱ्याचा ना?" भावाने कानात सांगितलं, जो लायक असेल त्यालाच तो उचलतो. बाबा म्हणाले, "मग इतकी वर्षं काय करत होता हा?"

माहीत असणाऱ्यांना कळेल. २०१५च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये पार्टीत सगळे हातोडा उचलून बघतात, याच्या हातात तो किंचित हलतो आणि थॉरचा चेहरा पडतो. त्यावरून आम्ही भावांनी चार वर्षं डोकी फोडली होती. भाऊ म्हणायचा, त्याला तेव्हाच जमत होतं, थॉरला वाईट वाटू नये म्हणून सोडला. मी म्हणायचो, तेव्हा तो अजून लायक नव्हता. पुढे ‘एंडगेम’च्या दिग्दर्शकांनी, रुसो बंधूंनीच भावाच्या बाजूने निकाल दिला, ते असो. बाबांनी अर्ध्या झोपेत नेमका तोच प्रश्न काढला होता.

आता हे सगळे परत येतायत याचा मला आनंद झालाय की राग आलाय तेच कळत नाहीये. मग २०१९ला आम्ही रडलो ते काय होतं? म्हणून हा धागा. सिनेमा असो, ट्रेलर असो, काहीही चालेल. कुणाबरोबर बघितलं तेही लिहा.

चकली
पहिली! कुणाचं बारसं 😂😂 आजोबांना साष्टांग नमस्कार. कुकर लावून येते मग लिहिते.

पावसाळी_कावळा
गेलेला म्हणजे? कॅप मेला नव्हता, म्हातारा झाला होता. मेला तो टोनी, आयर्न मॅन. नीट वाचा आणि लिहा.

उंटावरचा_शहाणा
कावळेबुवा, आम्ही त्याला गेलेलाच धरला होता.

नऊ_बाराची
स्पायडरमॅन नो वे होम!!! १६ डिसेंबर २०२१. महाराष्ट्रात थिएटरं ऑक्टोबरात उघडली होती पण निम्म्याच खुर्च्यांना परवानगी. मी आणि मैत्रीण, मध्ये एक रिकामी खुर्ची, तिच्यावर आमच्या दोघींच्या पर्सा. अ‍ॅण्ड्र्यू गारफील्ड, जुना स्पायडरमॅन, त्या गोल भगदाडातून आत आला आणि मी शिट्टी मारायला गेले. मास्कमधून शिट्टी वाजत नाही हे मला त्या दिवशी कळलं. फक्त फुर्र.

तो माणूस कित्येक महिने मुलाखतींमधून मी नाहीये, मी नाहीये सांगत होता. आणि ब्राझीलच्या ट्रेलरमध्ये त्या पालीच्या, म्हणजे व्हिलन लिझर्डच्या, थोबाडीत कुणीच मारत नाही तरी तिचं डोकं फिरतं, तिथेच चोरी पकडली होती पोरांनी. मी ते दृश्य ऑफिसात थांबवून थांबवून बघितलंय. तरीही तो आला तेव्हा रडले. माहीत असूनही.

भाकरवडी
आणि त्यातल्या नेडची, स्पायडरमॅनच्या मित्राची, आजी! जगाचा स्पायडरमॅन घरात उभा आहे आणि ती त्याला छताच्या कोपऱ्यातलं जळमट काढायला सांगते. ही आजी फिलिपिन्सची नाहीच, आमच्या सदाशिव पेठेतली आहे.

चकली
आमच्याकडे जावई पहिल्यांदा आले तेव्हा आईने त्यांच्याकडून पंखा पुसून घेतला होता. उंच आहेत म्हणून.

भाकरवडी
परत आले का?

चकली
आले. पण आता खुर्चीतून उठत नाहीत.

सातारी_कंदी
मी जरा जुनं लिहितो. २००७. स्पायडरमॅन ३. तालुक्याला एकपडदा थिएटर, बाल्कनीत लाकडी खुर्च्या, खाली बाकडी. हिंदीत लागला होता. त्या साली तो भोजपुरीतही आला होता म्हणे, आमच्यापर्यंत नाही आला, नाहीतर तोही बघितला असता. तेव्हा लोडशेडिंग कसलं होतं आठवतंय ना? थिएटरला जनरेटर होता पण त्यात डिझेल घालायची मालकाची दानत नव्हती. सँडमॅन वाळूतून हळूहळू उभा राहतोय, हात जुळतोय, पुन्हा विरतोय, सगळे श्वास रोखून, आणि फट्. अंधार. पाच मिनिटं शिट्ट्या, दहा मिनिटं शिव्या. मग डोअरकीपर बॅटरी घेऊन आला, तिकिटाच्या तुकड्यामागे सही केली आणि म्हणाला उद्या या, इथूनच पुढे दाखवू.

दुसऱ्या दिवशी गेलो तर खरंच इथूनच पुढे. पण आदल्या दिवशी जे नव्हते त्यांनी दंगा केला, सुरुवातीपासून लावा. मग सुरुवातीपासून लावला. म्हणजे मला एका तिकिटात दीड पिक्चर मिळाला. परत तसा सिनेमा झाला नाही. आता आरामखुर्ची आहे, पाय लांब करता येतात, पॉपकॉर्नच्या पैशात तेव्हा अख्ख्या वर्गाने पिक्चर बघितला असता. सँडमॅन मात्र अजून तिथेच अर्धवट उभा आहे माझ्या डोक्यात.

रिकामटेकडा_२
जबरी लिहिलंय कंदी. डोअरकीपर हा शब्द किती वर्षांनी वाचला.

मुंगी
२८ जुलै २०२४, रविवार सकाळ. पोहे भिजवून ठेवलेले, कांदा परततेय, फोन ओट्यावर टेकवून. सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनचं येत होतं काहीतरी. हिरवे झगे घातलेली माणसं रांगेत, मधला मुखवटा काढतो, आणि आयर्न मॅनवाला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर!! डॉक्टर डूम!! मी अशी किंचाळले की सासूबाई गॅसचा भडका उडाला समजून ओलं फडकं घेऊन धावत आल्या. त्यांना काय सांगणार? म्हटलं, जो मेला होता तो व्हिलन होऊन आलाय. त्या शांतपणे म्हणाल्या, मालिकेत होतं तसं. आणि गॅस बंद केला, कांदा करपला होता.

खरं सांगू, त्यांचं बरोबर आहे. आयर्न मॅन २००८ला आला तेव्हा मी अकरावीत होते. अकरा वर्षं त्या माणसाबरोबर मोठी झाले. त्याला त्यांनी इतका छान निरोप दिला होता. आता तोच चेहरा दुसऱ्या नावाने. तिकीट काढणार आहेच. पण आतून थोडं फसवल्यासारखं वाटतं.

पावसाळी_कावळा
थोडं? यांनी मार्च २०२५ला खुर्च्या दाखवल्या. रिकाम्या खुर्च्या! पाच तासांहून जास्त. दर थोड्या वेळाने कॅमेरा सरकतो आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर डूम्सडेतल्या एका नटाचं नाव. सत्तावीस नावं. लग्नाच्या हॉलवर आदल्या रात्री आम्ही हेच करतो, आमचं कुणी थेट प्रक्षेपण करत नाही. आणि लाखो लोक बघत बसले.

रिकामटेकडा_२
तुम्ही बघितलंत?

पावसाळी_कावळा
पूर्ण.

तिखटमीठ
आमचा अनुभव वेगळा, रडारड नाही. मागच्या जुलैत सुपरमॅनला गेलो, मुलगी सात वर्षांची. तिला सुपरमॅनशी काही देणंघेणं नाही, तिचा सगळा जीव त्याच्या कुत्र्यात, क्रिप्टोत. कुत्रं मालकाचं एक ऐकत नाही, त्यालाच बर्फातून फरफटत नेतं, वस्तू फोडतं. जेम्स गनने स्वतःच्या कुत्र्यावरून घेतलंय ते, आणि ते कळतं, कारण कुत्रं पाळलेल्या माणसालाच सुचेल असा वैताग आहे तो. मारामारी ऐन रंगात असताना हा बाबा एक खार वाचवतो. मला तिथे आवडला. मुलीने विचारलं, खारीला माहीत होतं का कुणी वाचवलं?

घरी आल्यापासून कुत्रा हवाय. सोसायटीत परवानगी नाही सांगितलं तर म्हणते उडणारा आणू, लिफ्ट वापरणार नाही. आता जूनमध्ये सुपरगर्ल येतेय, कुत्रं खरं तिचंच. म्हणजे जूनमध्ये परत हे सगळं.

आणि हो, सेन्सॉरने सुपरमॅनमधल्या चुंबनाला कात्री लावली होती. इमारती कोसळतात त्या सगळ्या शाबूत ठेवल्या.

नागपुरी_तर्री
तुमचं चालू द्या, पण मले आता ते घरचा अभ्यास करून पिक्चर पाहायचा कंटाळा आला बाप्पा. हे समजायला ती मालिका पाहा, ते समजायला तो पिक्चर पाहा. गेल्या ऑगस्टमध्ये ऑफिसातला एक मल्याळी पोरगा ‘लोका’ हा मल्याळी सुपरहिरो पिक्चर पाहायला घेऊन गेला. काही माहीत नव्हतं. कल्याणी प्रियदर्शन, केरळच्या गोष्टीतली यक्षी नीली, ते बंगळुरात येऊन राहते, बस. भाषा समजत नाही, खाली वाचत होतो, तरी खुर्चीच्या टोकावर. मध्यंतरात तो पोरगा मले नीलीची मूळ गोष्ट सांगू लागला, त्याच्या आजीनं सांगितलेली. मनात आलं, आपल्याकडं हडळ, वेताळ, मुंजा, आसरा काय कमी आहेत का? लहानपणी आजीनं विहिरीपाशी जाऊ नको म्हणून जे जे सांगितलं ते सगळं कुठं गेलं?

भाकरवडी
मुंजावर हिंदीवाल्यांनी केला की २०२४ला. कोकणातलाच.

खिडकीतली
मराठीतही सुपरहिरो झालाय हो, कुणाला आठवत नाही. २०१५चा ‘बाजी’, श्रेयस तळपदे, निखिल महाजनचा. काळे कपडे, घोडा. मी आणि नवरा धरून थिएटरात नऊ जण होतो. दहावा झोपलेला. पण त्या पोरांनी हिंमत केली होती याचं कुणी नाव काढत नाही.

नागपुरी_तर्री
नऊमधले दोन तुम्ही, आणि झोपलेला मी असीन.

रिकामटेकडा_२
डूमला तात्या विंचूसमोर उभा करा. पाच मिनिटांत डूम बाहुलीत.

चकली
😂😂😂 कुकर झाला. पण मी काय लिहिणार होते ते विसरले.

दूरदेशी
जर्सीतून. ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’, जून २०२३. आमच्या इथे शनिवारी दुपारचा शो म्हणजे अर्धं थिएटर देशी. मुंबातन, म्हणजे मुंबई अधिक मॅनहॅटन, आलं, ट्रॅफिक, दाटीवाटीच्या इमारती, तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर. मग सिनेमाचा हिरो माइल्स ‘चाय टी’ म्हणतो आणि पवित्र त्याला झापतो. अर्धं थिएटर असं फुटलं, आणि उरलेलं अर्धं आमच्याकडे बघतंय, यांना काय झालं. माझा मुलगा इथे जन्मलेला, बारा वर्षांचा, तो इतका हसत होता. नंतर पार्किंगमध्ये म्हणाला, आई, मीही शाळेत ‘चाय टी’च म्हणतो, नाहीतर त्यांना कळत नाही.

मी गाडी सुरू करायची विसरले.

नऊ_बाराची
🫂

खिडकीतली
तो पिक्चर भारतात दहा भाषांत होता, मराठीतही. मी शोध शोध शोधला, आमच्या भागात मराठीचा एक शो नव्हता. शेवटी हिंदीत बघितला, त्यात पवित्रचा आवाज शुभमन गिलचा. मुलगा म्हणाला हा क्रिकेटमध्ये बोलतो तसाच बोलतोय.

भाकरवडी
विषय निघालाच आहे तर, गेलेला परत येण्यात वुल्व्हरिनचा हात कुणी धरणार नाही. २०१७ला ‘लोगन’ बघून, त्यात तो मरतो, मी आणि रूममेट थिएटर ते रूम चालत आलो, एक शब्द न बोलता. ती पोरगी थडग्यावरचा क्रूस उपटून फुलीसारखा आडवा ठेवते ना, तिथे संपलो होतो. आणि २०२४ला डेडपूल येऊन सुरुवातीलाच ते थडगं उकरतो आणि त्याच्याच हाडांनी मारामारी करतो. अरे, दिवस घातले होते आम्ही त्याचे! आधी पाच मिनिटं राग आला. मग इतका हसलो की शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. रूममेटला रात्री मेसेज केला, अस्थी मिळाल्या. सात वर्षांनी. त्याला लगेच कळलं.

मुंगी
अस्थी मिळाल्या 🤣 हे सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या बघ, मी म्हटलं नव्हतं?

सातारी_कंदी
धागाकर्ते कुठे गेले? बाबांना टीझर दाखवलं का?

उंटावरचा_शहाणा
आहे, वाचतोय. दूध नासलं होतं, त्यात गेलो होतो.

दाखवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून फोन लांब धरून बघतात. दोनदा बघितलं. म्हणाले, "हा मागच्या वेळी म्हातारा झाला होता ना? तळ्यापाशी बाकावर बसलेला. ढाल त्या दुसऱ्याला देऊन टाकली." म्हणजे शेवटी जागे होते तर! सहा वर्षं मला वाटत होतं झोपले होते. मग म्हणाले, "आता मूल झालंय म्हणतोस, मग याला परत कशाला बोलावतात?"

मला उत्तर आलं नाही. भावाला तसंच टाइप करून पाठवलं. त्याचा तिथून कॉल आला, चाळीस मिनिटं. बाळ आधीचं की नंतरचं, ढाल परत मागणार का, सगळं. बाबा मधूनच ओरडून मतं देत होते.

पावसाळी_कावळा
बाळ आधीचं असणार. टाइमलाइन वेगळी.

उंटावरचा_शहाणा
भाऊही हेच म्हणतो. मला पटत नाही.

तिखटमीठ
३१ जुलैला स्पायडरमॅन आहे त्याआधी कुणी पुण्यात लहान मुलांना सांभाळून घेणारं थिएटर सांगा. आणि कुत्रा नको म्हणून समजावायचे उपायही.

चकली
ससा आणा.

नागपुरी_तर्री
नका आणू. आमच्याकडं होता, सोफा खाल्ला त्यानं.