तिन्ही डोस झालेत, मग टायटर कशाला?

मांडवीकर: मुलगी इथे बडोद्यात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस लहानपणीच झालेत तरी कॉलेजवाले म्हणतात टायटर (रक्तातल्या अँटीबॉडी मोजायची तपासणी) करून आणा, कार्ड चालत नाही का?

वॉर्डवाली सिस्टर: कार्डावरून डोस घेतला एवढंच कळतं हो. संरक्षण आहे का ते टायटर सांगतो: अँटी-एचबीएस, म्हणजे हिपॅटायटिस बीविरुद्धच्या अँटीबॉडी, 10 mIU/mL किंवा वर हवं. लहानपणीचे डोस म्हणजे आकडा बराच खाली आलेला असू शकतो, घाबरू नका, एक डोस देऊन महिना-दोन महिन्यांनी परत बघतात. उद्या वॉर्डात सुई टोचली की पहिला हाच रिपोर्ट मागतात.

रावपुरावाला: आणि गोवर-रुबेला?

वॉर्डवाली सिस्टर: दोन डोस कागदावर असतील तर टायटर कशाला, उगाच खर्च. कागदच हरवलाय? मग करा, नाहीतर सरळ 28 दिवसांच्या अंतराने दोन डोस, फक्त प्रेग्नन्सीत नाही.