चाळीच्या भिंतीवरचं चित्र 'सुसंगत' आहे की नाही हे ठरवतं कोण?

गिरगावचा_बंड्या
आमची चाळ हेरिटेज लिस्टमध्ये ग्रेड ३, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीत आहे. तीन मजली, लाकडी गॅलऱ्या वगैरे, पण रस्त्याकडची बाजूची भिंत कोरी. कोरी कसली, एक जुना पाइप, दोन एसीची तोंडं आणि खाली ओल येऊन सुटलेले पोपडे. पोरांनी तिथे चित्र काढायचं ठरवलंय, नऊवारीत लेझीम खेळणाऱ्या बायका आणि मागे रानी कलर. मीटिंगमध्ये या रानी कलरवरून दीड तास गेला!! सेक्रेटरी काका म्हणतात हेरिटेजवाले उडवून लावतील, परिसराशी सुसंगत नाही म्हणून. मी हेरिटेजची नियमावली काढून वाचली, तो शब्द आहे खरा, पण वाढीव बांधकामासाठी, उंची आणि दर्शनी भाग मूळ इमारतीशी सुसंगत हवा असं. चित्राला कसा लावणार? आणि याच भिंतीवर दर वर्षी भाऊंच्या वाढदिवसाचा वीस फुटी फ्लेक्स लागतो तेव्हा सगळं सुसंगत असतं का?

खवचट_मुंबईकर
फ्लेक्स उतरतो रे, चित्र उतरत नाही, एवढाच फरक 😄 बाकी फुकटचा सल्ला, बायका राहू देत, मागचा रंग क्रीम करा आणि कडेने चॉकलेटी पट्टा मारा, लगेच हेरिटेज. बांद्र्याला एमटीएनएलच्या बिल्डिंगवर केवढे मोठे फाळके काढलेत, तिथे कोणी विचारलं नाही कारण बिल्डिंगच इतकी रुक्ष की काहीही चाललं असतं.

चुना_विटा
याच कामात आहे म्हणून लिहितो. बंड्या, तू पुढचं कलम वाचलंस, आधीचं राहिलं. लिस्टमधल्या इमारतीत दुरुस्ती, बदल, इतकंच काय नुसतं रंगवायचं असलं तरी पालिका कमिशनरची लेखी परवानगी आधी घ्यायची असं त्यात स्पष्ट आहे, त्यामुळे चित्र त्यात आलंच. आवडीनिवडीचा घोळ तिथून सुरू होतो हे मान्य, कारण ग्रेडच्या व्याख्येतच सौंदर्य हा शब्द बसलाय आणि सौंदर्य काही टेपने मोजता येत नाही. म्हणून रंगावर भांडू नका, जे तपासता येतं ते धरा. तुमची भिंत चुन्याची असणार, तिच्यावर ऑइल पेंट किंवा जाड प्लास्टिक पेंट मारलात तर आतली ओल अडकते आणि दोन पावसाळ्यांत लेझीमवाल्या बायका गिलाव्यासकट रस्त्यावर येतील. चुन्यात रंग कालवून करणार असं अर्जात लिहा, भिंतीला एक खिळा मारणार नाही हे लिहा. नाकारलंच तर कारण लेखी मागा, 'बरं दिसत नाही' हे कोणी सही करून देत नाही. आणि त्याआधी एका कोपऱ्यात थोडा रंग खरवडून बघा खाली काय आहे ते.

पणजीची_मालन
आमच्याकडे उलटं. फोंतेन्यसमध्ये, म्हणजे पणजीच्या जुन्या वस्तीत, निळं, पिवळं, लाल घर हेच हेरिटेज, पांढरं चर्चला सोडायचं असं जुनी माणसं सांगतात. तुमचा रानी कलर आमच्या गल्लीत खपून जाईल. आणि चित्रांचं म्हणाल तर देवळांवरची कावी बघा, पांढऱ्या चुन्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि ओला असताना खरवडून खालचा पांढरा काढायचा. तेव्हा कुठल्या कमिटीने बघितलं होतं कोण जाणे.

वाईकर
+१. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतीवर चित्रं आहेतच की, आपण ती बघायला मुद्दाम जातो. जुनी झाली की वारसा, ताजी असली की भिंत खराब केली.

चुना_विटा
वाईकर, टाळ्या मिळतील पण फरक आहे. ती चित्रं वाड्याच्या मालकाने स्वतःच्या घरात काढून घेतली. इथे साठ बिऱ्हाडं आहेत आणि समोरच्या चाळीला रोज गॅलरीतून तेच बघायचंय. त्यांना विचारलंय का कोणी?

गिरगावचा_बंड्या
समोरच्यांना नाही विचारलं, खरंय, रविवारी जातो. पण काल खरवडून बघितलं, कोपऱ्यात, जुन्या ब्लेडने. वर पिवळा, त्याच्या खाली हिरवट, मग मळकट गुलाबी (!!) आणि तळाला निळसर चुना. आता मूळ कुठला धरायचा? काका म्हणतात त्यांच्या लहानपणी चाळ हिरवी होती, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात हिरवी कधीच नव्हती. पोरांनी त्या गुलाबीचा फोटो काढून ग्रुपवर टाकलाय, काकांनी अजून बघितला नाहीये.