मदत हवी आहे: नायट्राइट उतरत नाही, पीएच मात्र ६ वर आलाय

नमस्कार मंडळी,

मुलुंडला राहतो, पाणी पालिकेचं. माशांसाठी दोन फुटी टाकी आहे. वाळू-दगडांची जागा सोडली तर पन्नासेक लिटर पाणी बसतं. स्पंज फिल्टर आणि जोडीला छोटा हँग-ऑन, म्हणजे काठाला टांगायचा फिल्टर. मासा अजून एकही नाही. आधी सायकल पूर्ण (म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजणं), मग मासे, असं घरी जाहीर केलंय (धाकटी विचारते, "बाबा, तोवर दगडांना नावं ठेवू का?").

या जिवाणूंना लागणाऱ्या अमोनियासाठी अमोनियम क्लोराइड वापरतोय, म्हणजे नवसागरच, पण रसायनांच्या दुकानातला शुद्ध. ०.३ ग्रॅम टाकलं की पाणी तपासायच्या किटवर २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅमच्या) आसपास दिसतं. सुरुवात झकास झाली. अमोनिया उतरला, नायट्राइट वाढलं, मागोमाग नायट्रेटही दिसलं. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढाच डोस, असं चालू होतं. आता सगळं अडलंय.

आजचे आकडे: अमोनिया १ वर थांबलेला, नायट्राइट ५ (किटवर त्यापुढे रंगच नाही), नायट्रेट ४० ते ८० च्या मधे कुठेतरी, तापमान २८. पीएच ६, आणि माझ्या किटची खालची हद्दच ती, म्हणजे खरा आणखी कमी असू शकतो. नळाच्या पाण्याचा पीएच ७.४, केएच (पीएच धरून ठेवणाऱ्या बायकार्बोनेटचं माप, अंशांत) २. क्लोरीन घालवायला दर वेळी हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाकतो.

दुकानदार म्हणतो बॅक्टेरियाची बाटली घ्या. एक मित्र म्हणतो सगळं उपसून नव्याने सुरू कर. मला शंका अशी की पीएच घसरणं आणि नायट्राइट अडणं हे एकच दुखणं आहे. पीएच अप, म्हणजे पीएच वाढवायचं बाटलीतलं द्रावण, टाकू का?

झिंगा: केएच नळाचा दिलात. टाकीचा किती?

धागाकर्ता: आत्ता मोजला. पहिल्याच थेंबाला पिवळा झाला, म्हणजे जवळपास काहीच नाही.

पाणवेल: मग उत्तर मिळालंच. तुमची शंका बरोबर आहे.

अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातलं बायकार्बोनेट, म्हणजे केएच, खात जातं. हिशोब असा: १ पीपीएम अमोनिया पूर्ण पचला की केएच सुमारे एक तृतीयांश अंशाने उतरतो. तुमचा डोस २ पीपीएमचा, म्हणजे दर डोसाला दोन तृतीयांश. नळातून मिळालेला केएच २. तीन डोसांत तिजोरी रिकामी! त्यानंतर पीएचला धरून ठेवायला काही उरत नाही, आणि तो साडेसहाच्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळपास थांबतात. मेलेले नसतात, त्यामुळे बाटलीवर पैसे घालवू नका. उपसून नव्याने सुरू करणं तर अजिबात नको. जिवाणू पाण्यात फार नसतातच, ते स्पंजवर आणि वाळूवर बसलेले असतात.

मुंबईच्या तलावांचं पाणी पावसाचं, मऊ, त्यात केएच मुळातच कमी. बोअरच्या कठीण पाण्यावर टाकी लावणाऱ्यांना हा त्रास माहीतच नसतो, त्यांचं रडगाणं वेगळं.

करायचं ते असं. तीन चतुर्थांश पाणी बदला, नेहमीसारखा हायपो टाकून. मग खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, साधा सोडा. पन्नास लिटरला दीड ग्रॅमने केएच १ ने वाढतो. ६ ग्रॅम मगभर पाण्यात विरघळवून टाकीत ओता, केएच पाचाच्या आसपास जाईल. पीएच अपच्या बाटलीत काय आहे ते बहुतेकदा लिहिलेलंच नसतं, मी तरी टाकत नाही.

नायट्राइट पूर्ण उतरेपर्यंत नवा डोस बंद. १ पीपीएम अमोनियाचं २.७ पीपीएम नायट्राइट होतं, म्हणजे तुमचा एकच डोस ५.४ वर नेतो आणि किट ५ ला संपतं. किती साचलंय हे तुम्हाला दिसतच नव्हतं. एक भाग टाकीचं आणि नऊ भाग आरओचं पाणी घेऊन मोजा, येईल त्याला दहाने गुणा. नायट्रेटच्या आकड्यावर सध्या विश्वास ठेवू नका. ती चाचणी आधी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग तेच मोजते, त्यामुळे आधीचं नायट्राइटही त्यात धरलं जातं.

झिंगा: वरचं सगळं मासे नसलेल्या टाकीसाठी आहे, हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्या. पीएच ६ ला किटवर दिसणारा अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियम असतो, त्याने माशांना फारसा त्रास होत नाही. सोड्याने तोच पीएच ८ वर गेला तर २८ अंशाला शंभरातले सहा-सात भाग विषारी अमोनिया होतात. मासे असतील तर आधी थोडं थोडं पाणी बदलून अमोनिया खाली आणा, सोडा नंतर, तोही चिमूटभर.

धागाकर्ता: दोघांचे आभार. निऑन टेट्रा ठेवायचा विचार आहे, ते मऊ पाण्याचे म्हणतात. मग इतका केएच चालेल?

पाणवेल: सायकल झाली की मोठा पाणीबदल कराल, तेव्हा तो आपोआप उतरेल. पुढे ३ च्या आसपास राहू द्या, दुकानातल्या टेट्रांना तेवढा चालतो. रोज सोडा मोजायचा कंटाळा आला तर शिंपल्यांचा चुरा जाळीत बांधून हँग-ऑनमध्ये ठेवा. पाणी आंबट झालं की तो जास्त विरघळतो, एरवी सावकाश. फक्त नीट धुऊन घ्या, आणि समुद्रावरून आणलात तर उकळूनही.