मलाण्यावर बुलडोझर? आधी कसोलला जाणाऱ्या पोरांना विचारा

भटकभवानी : ‘मलाणा म्हणजे चरसवाल्यांचं गाव, बुलडोझर फिरवा, विषय संपला’ ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. कुल्लूतलं साडेआठ हजार फुटांवरचं गाव, हिवाळाभर बर्फात. शेती पोटापुरती. सप्टेंबर-ऑक्टोबरात बायाबापड्या दिवसभर भांगेचा फुलोरा तळहातांवर चोळतात, हातावर जमलेला काळा थर खरवडून चरसाच्या गोळ्या वळतात. खरा पैसा खातो दलाल. जवळच्या कसोलला फिरायला जाऊन तेच चरस ‘मलाणा क्रीम’ म्हणून ओढणारी पोरं कुठली? आपल्या पुण्या-मुंबईचीसुद्धा!

तिरकस : वा! म्हणजे गरिबी असली की १९८५ चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा माफ? किलोच्या वर चरस सापडलं तर किमान १० वर्षं आत. मग शिरपूरच्या डोंगरात गांजा लावणाऱ्यांनाही हार घाला.

माहूरची लेक : मलाण्याचा जमलू देवता म्हणजे जमदग्नी ऋषी, आमच्या रेणुकामातेचे यजमान. जरा जपून बोला. देवाच्या हुकमावर चालणारं गाव आहे ते.

चंद्रखणी : मलाण्याला ट्रेकला गेले होते तेव्हा बाहेरच्यांचा स्पर्श नको म्हणून दुकानदाराने बिस्किटाचा पुडा जमिनीवर ठेवला, पैसेही खालीच ठेवायला लावले. देवळाच्या भिंतीला हात लागला तर दंड! पण परंपरा म्हणून भारी वाटलं.

आडगावकर : भारी?? माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात चहा वरून ओतायचे. तेही भारीच असेल मग.

चंद्रखणी : अहो, तिथे बाहेरचा कुणीही असो, नियम तोच. जात विचारत नाहीत.

आडगावकर : सगळ्यांना सारखंच विटाळ मानलं की विटाळ गोड होतो का? तुम्ही तासाभरासाठी पाहुण्या होतात. आमच्या घरात तो जन्मभर होता.

माहूरची लेक : प्रत्येक धाग्यात जात आणलीच पाहिजे का?

आडगावकर : मी आणली? देऊळ तुम्ही आणलंत, ताई.

तिरकस : देवाचं निघालंच आहे तर, २०१७ मध्ये त्याच देवाच्या हुकमाने गावातली गेस्टहाऊस बंद झाली. चरसाबद्दल मात्र देव मौनात. काय योगायोग!

भटकभवानी : टोमणा मान्य. पण पर्याय काय? सप्टेंबर २०२४ मध्ये हिमाचल विधानसभेने औषधी आणि औद्योगिक भांगेच्या नियंत्रित लागवडीचा ठराव केला. त्या औद्योगिक वाणात नशाच नाममात्र, मलाण्याच्या मालाचा भाव त्याला कोण देणार?

तिरकस : सफरचंद लावा.

भटकभवानी : गाडीरस्ता गावापर्यंत जात नाही, पुढे पायी चढण. ऑगस्ट २०२४ च्या पुरात खालचं धरण फुटलं, रस्ताही गेला. पेट्या कोण वाहणार, तुम्ही?

तिरकस : बरं बाई, बुलडोझर नको. तसाही तो वर चढायचा नाही. छापे मात्र पडलेच पाहिजेत, आणि पहिला कसोलला.

आडगावकर : चंद्रखणीताई, तुम्ही कुठे गेलात? चहाचं उत्तर राहिलंय.